फूल पडद्यावरचे आणि कागदावरचे

टॅब्लेटवर चित्र काढते असे सांगितले की “म्हणजे यंत्रच काढते ना?” हा प्रश्न ठरलेला. आपल्या वर्गातील मित्रमैत्रिणीही तो विचारतात. म्हणून फुलांचे स्थिरचित्र टॅब्लेटवरून कागदावर कसे उतरते, ते थोडक्यात सांगते.

मांडणी जुनीच असते. तांब्यात झेंडू नि शेवंती, मागे आपल्या छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल, आणि खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड. टॅब्लेटची लेखणी हाताचा दाब ओळखते. जोर वाढला की रेघ जाड होते. पार्श्वभूमी, पाने, फुले मी वेगळ्या थरांवर काढते. थर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागदच. मात्र पाकळी कोठे वळते, सावली कोठे गडद होते, हे डोळ्यांनीच पाहावे लागते.

आकार आधी ठरवावा. ए-४ कागदावर इंचाला ३०० पिक्सेल हवे असतील, तर चित्र २४८० × ३५०८ पिक्सेलचे लागते.

खरी कसोटी छपाईत लागते. पडद्यावरचा रंग हा प्रकाश असतो, कागदावरचा रंग ही शाई. त्यामुळे झेंडूचा झगझगीत नारिंगी कागदावर मंदावतो. अशा वेळी मी नारिंगी भडक करीत नाही. शेजारचा हिरवा गडद करते, मग फूल उजळते. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक १ व २ मधील छतांवरची कमळे पाहा. गेरू, पिवळी व हिरवी माती, काजळी, पांढरा आणि दूरदेशीचा लाजवर्दी निळा, अशा मोजक्या रंगांत ती फुलली आहेत.

इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी २००९ साली, वयाच्या सत्तरीनंतर, फोनवर फुले काढण्यास आरंभ केला. २०२१ मध्ये आयपॅडवर काढलेली त्यांची पुष्पचित्रे पुढच्या वर्षी मुद्राचित्रे म्हणून प्रदर्शित झाली.

मग यात मूळ चित्र कोणते? लाकडाच्या ठशाप्रमाणेच येथेही प्रत्येक प्रत मूळच. पंचवीस प्रती ठरल्या, तर तिसरीखाली पेन्सिलीने ३/२५ लिहून सही करावयाची आणि पंचविसावीनंतर थांबावयाचे. लाकडाचा ठसा झिजतो. टॅब्लेटमधले चित्र झिजत नाही. हजारावी प्रतही पहिलीसारखीच निघेल. म्हणून येथे मर्यादा केवळ चित्रकाराच्या शब्दाची. तो शब्द यंत्र देऊ शकत नाही. तो आपणच द्यावयाचा आणि पाळावयाचा.