लाठी उगारण्याआधी

जमावबंदीचं जुनं कलम १४४ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ झालं. जमाव पांगवण्याचे अधिकार कलम १४८ मध्ये आहेत. त्यातला क्रम विसरू नये: आधी पांगण्याचा हुकूम; तो जुमानला नाही, किंवा जमावाने न पांगण्याचा निर्धारच दाखवला, तरच बळ.

हा क्रम का महत्त्वाचा? ४ जून २०११ च्या मध्यरात्री दिल्लीच्या रामलीला मैदानावर आंदोलक मंडपात गाढ झोपले होते. बायका होत्या, मुलं होती, म्हातारी माणसं होती. पोलीस तिथे शिरले. अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. पाठीच्या कण्याला मार लागलेली एक महिला सप्टेंबरमध्ये दगावली. सर्वोच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी २०१२ रोजी पोलिसांना दोषी धरलं, आयोजकांवरही काही ठपका ठेवला, तिच्या कुटुंबाला ५ लाखांची भरपाई दिली. निवांत झोप हाही जगण्याच्या हक्काचा भाग, हे याच निकालात आलं.

अशा वेळी बातमी टिपायला पत्रकारही तिथे असतात. त्यांच्यावरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये वेगळा कायदा केला. हल्लेखोराला ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. कॅमेरा फोडणारा हात पोलिसाचाच असला तरी तपास पोलिसांकडेच राहतो, हे मला खटकतं.