‘कझिन’ म्हणजे कोण ?

‘हा माझा कझिन,’ असें म्हणून घरांतील तरुण मंडळी हल्लीं पाहुण्याची ओळख करून देतात. आजी लागलीच विचारते, ‘म्हणजे चुलत कीं मामे ?’ हा प्रश्न चौकसपणाचा खरा. पण तो अस्थानीं आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

मूळ लॅटिन शब्द ‘कॉन्सोब्रिनस’ हा तर आजीच्याच बाजूचा आहे. त्याच्या पोटांत ‘सोरोर’ म्हणजे बहीण हा शब्द असून, त्याचा आरंभींचा नेमका अर्थ मावसभाऊ असा होता. फ्रेंचमधून इंग्रजींत येतां येतां तो इतका सैल झाला कीं, शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्यें राजा क्लॉडियस पुतण्यालाही ‘कझिन’ म्हणतो. राजेलोक परस्परांस व बड्या सरदारांसही तसेंच संबोधीत. पुढें अर्थ पुन्हां आवळला गेला. पण चुलत, मामे, आते, मावस हीं चारी नातीं त्या एकाच शब्दांत राहिलीं.

इंग्रजी मोजते ती पिढ्यांची संख्या. सख्ख्या भावंडांचीं मुलें परस्परांचीं ‘फर्स्ट कझिन’, नातवंडें ‘सेकंड कझिन’. चुलतभावाचा मुलगा मात्र ‘सेकंड कझिन’ नव्हे; तो ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्‌ड’, म्हणजे एका पिढीचें अंतर असलेला. आपण त्याला पुतण्या म्हणतों व मोकळे होतों !

नातें कोणत्या बाजूचें, हें मात्र तो शब्द सांगत नाहीं. चार्ल्स डार्विननें १८३९ सालीं एमा या ‘कझिन’शीं लग्न केलें, आणि १८४० सालीं व्हिक्टोरिया राणीनें आल्बर्ट या ‘कझिन’शीं. इंग्रजी वाचकाला दोन्ही नातीं सारखींच. परंतु एमा ही डार्विनच्या मामाची मुलगी. देशस्थांत रूढीनें चालत आलेलें हें नातें. आल्बर्टनें केली ती आत्याची मुलगी. तसें लग्न तेथेंही रूढ नाहीं. १९१४ च्या महायुद्धांतील पंचम जॉर्जला कैसर विल्हेल्म व झार निकोलस हे दोघेही ‘कझिन’च. पैकीं कैसर आतेभाऊ. झारची व जॉर्जची आई या डेन्मार्कच्या सख्ख्या बहिणी. तेव्हां लॅटिन अर्थानें खरा ‘कझिन’ झारच. १९१७ मध्यें तो पदच्युत झाल्यावर इंग्लंडांत त्याला आश्रय मिळाला नाहीं, ही गोष्ट निराळी.

आपल्याकडे हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. चुलतभावाचें सुतक दहा दिवसांचें, बाकीच्या तिघांचें पक्षिणी. आणि हल्लीं घरोघर एकच मूल. आईबाप दोघेही एकुलते असले, तर त्यांच्या मुलाला या चारांपैकीं एकही नातें लाभत नाहीं. ज्यांना लाभलें आहे, त्यांनीं तरी तें नांवानें ओळखावें, अशी आमची इच्छा आहे.

‘कझिन ब्रदर’ हा जोडशब्द मात्र इंग्रजांचा नव्हे. त्यांच्या शब्दांत लिंगभेद नाहीं, आणि भाऊपणाही पुरेसा नाहीं, असें वाटून तो आपल्या लोकांनीं जोडला असावा. व्याकरणपंडित त्यास हंसतात. आम्ही हंसत नाहीं.