वाळवंटांतील गुप्त विमानतळ

राज्याचा मंत्र गुप्त असावा, हें तत्त्व आपल्याकडे नवें नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत मंत्ररक्षणाचा स्वतंत्र विचार केला असून, पोपट व साळुंक्या यांच्याकडूनही मसलती फुटल्याचे दाखले दिले आहेत. परंतु ही गुप्तता कोठें संपावी, आणि ती पाळतांना जीं माणसें खर्चीं पडतात त्यांच्या घरच्यांचें राज्य कांहीं देणें लागतें कीं नाहीं, हा प्रश्न त्या तत्त्वाच्या पोटांतच दडलेला आहे. अमेरिकेंतील ‘एरिया ५१’ या विमानतळाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

अवर्षणाचा मुलूख कसा असतो, हें बारामती-इंदापूरकडील वाचकांस सांगावयास नको. सह्याद्रीनें पाऊस अडविल्यामुळें आपल्याकडील माळ कोरडा राहतो. त्याचप्रमाणें सिएरा नेव्हाडा पर्वतानें समुद्रावरील ढग अडविल्यामुळें पलीकडे नेव्हाडा संस्थानाचें वाळवंट झालें आहे. त्या वाळवंटांत, लास व्हेगास शहरापासून सुमारें १३० किलोमीटरवर, ग्रूम लेक नांवाचें एक आटलेलें खारें सरोवर आहे. तळ विस्तीर्ण, सपाट व टणक, सभोंवतीं डोंगर, शेजारीं अणुबाँबच्या चांचण्यांचें क्षेत्र, म्हणून परक्यांची वर्दळ आधींच बंद. १९५५ च्या एप्रिल महिन्यांत सी. आय. ए. या हेरखात्याचे रिचर्ड बिसेल व लॉकहीड कंपनीचे विमानरचनाकार केली जॉन्सन यांनीं विमानांतून ही जागा हेरली, आणि राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं तीस मान्यता दिली.

सोव्हिएट रशियाच्या युद्धसामग्रीचीं छायाचित्रें आकाशांतून घेतां यावींत, यासाठीं ‘यू-२’ हें विमान तयार होत होतें. त्याचें पहिलें उड्डाण ऑगस्ट १९५५ मध्यें येथेंच झालें. तें ६०,००० फुटांहूनही उंच जाई. त्या काळचीं प्रवासी विमानें बहुधा २०,००० फुटांच्या खालूनच जात. सायंकाळीं खालीं अंधार पडल्यावरही इतक्या उंचीवर सूर्यप्रकाश असे, आणि त्यांत यू-२ चे रुपेरी पंख अग्नीसारखे झळकत. तें पाहून वैमानिक व नागरिक ‘उडत्या तबकड्या’ दिसल्याचें कळवूं लागले. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांस खरें कारण कळे, पण बोलतां येत नसे. त्या काळांतील अशा निम्म्याहून अधिक वार्तांचें मूळ हेरविमानांच्या उड्डाणांत होतें, असें पुढें हेरखात्याच्याच इतिहासांत नमूद झालें. सरकारच्या मौनानें जी जागा रिकामी राहिली, ती परग्रहावरील प्राण्यांच्या कथांनीं भरून निघाली.

यू-२ नंतर १९६२ सालीं ध्वनीच्या तिप्पट वेगाचें ‘ए-१२’ आणि १९७७ सालीं रडारला चकविणाऱ्या विमानाचा पहिला नमुना यांचीं उड्डाणें येथूनच झालीं. मध्यंतरीं, १९६८ सालीं, इस्राएलकडून मिळालेलें एक रशियन मिग-२१ विमानही येथें गुपचूप पारखलें गेलें. योगायोग असा, कीं त्याच जातीच्या विमानांसाठीं आपल्या नाशिकजवळ ओझर येथें १९६४ सालीं कारखाना स्थापन झाला होता. शत्रूचें म्हणून जें तेथें उलगडून पाहिलें जात होतें, तें मित्राचें म्हणून येथें बांधलें जात होतें.

एवढ्यावरून या गुप्ततेस हेतु होता, हें मान्य करावें लागेल. पण तिची दुसरी बाजूही आहे. १७ नोव्हेंबर १९५५ रोजीं या तळाकडे माणसें नेणारें एक लष्करी विमान बर्फाच्या वादळांत माउंट चार्ल्स्टन या पर्वतावर आदळलें, व त्यांतील १४ जण ठार झाले. ते कोठें व कोणत्या कामास निघाले होते, हें घरच्यांस सांगण्यांत आलें नाहीं. बायका वृद्ध झाल्या, मुलें प्रौढ झालीं, तरी बापाच्या मृत्यूचें खरें कारण त्यांस कळेना. तें उघड व्हावयास चार दशकें लोटलीं.

पुढें १९९४ सालीं कांहीं कामगारांनीं व एका मृत कामगाराच्या विधवेनें न्यायालयांत धाव घेतली. तळावर उघड्या खड्ड्यांत विषारी द्रव्यें जाळलीं जातात व त्या धुरानें माणसें आजारी पडतात, असें त्यांचें म्हणणें होतें. १९९५ सालीं राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीं ती माहिती उघड करण्यापासून तळास सूट दिली, आणि गुप्ततेच्या आधारेंच दावा निकालांत निघाला. ज्या जागेचें नांवही उच्चारावयाचें नाहीं, तेथें झालेली इजा सिद्ध तरी कशी करावी?

तळाचें नांव व स्थान सरकारी कागदांतून स्पष्टपणें बाहेर आलें तें २०१३ सालीं. त्याच कागदांत भारताचाही उल्लेख निघाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर ओडिशांतील कटकजवळच्या चारबाटिया विमानतळावरून यू-२ विमानें उडविण्यास आपल्या सरकारनें संमति दिली होती. २४ मे १९६४ रोजीं तेथून पहिली फेरी झाली आणि तिसऱ्याच दिवशीं पंडित नेहरू निवर्तले. त्या वेळीं देशाचें संरक्षण खातें यशवंतराव चव्हाण यांच्याकडे होतें. म्हणजे गुप्ततेचा हा प्रश्न केवळ परमुलखाचा नव्हे. आपल्याही अंगणापर्यंत तो येऊन गेला आहे.

याच्या उलट एक प्रसंग आपल्या भागांतला आहे. जुलै २०२२ मध्यें बारामतीहून निघालेलें शिकाऊ वैमानिकाचें एक लहान विमान इंदापूर तालुक्यांत कडबनवाडीच्या शेतांत कोसळलें. गांवकरी धांवून गेले. वैमानिक तरुणी बचावली. लगेच वर्तमानपत्रांतून ही हकीकत घरोघर पोहोंचली. शिकाऊ विमान व हेरविमान यांची बरोबरी होत नाहीं, हें खरें; परंतु अपघातग्रस्तांच्या आप्तांची काळजी दोन्हीकडे सारखीच असते.

शत्रूपासून रहस्य राखणें हा राजधर्मच आहे. पण रहस्याचें प्रयोजन संपल्यावर तें विधवेपासून, अनाथ मुलापासून व आजारी कामगारापासून लपवीत राहणें हा राजधर्म नव्हे. तें केवळ अधिकाऱ्यांच्या सोयीचें मौन होय. माउंट चार्ल्स्टनच्या पायथ्याशीं आज त्या १४ जणांचें स्मारक उभें आहे. विमानाचा आराखडा घरच्यांनीं कधींच मागितला नसता. आपला माणूस देशाच्या कामीं आला, एवढें एक वाक्य त्यांस वेळेवर हवें होतें, आणि तेवढें सांगितल्यानें कोणतेंही विमान शत्रूच्या दृष्टीस पडलें नसतें.