कंधारचा ‘समुद्र’

मराठवाड्याला सागरकिनारा नाही. तथापि नांदेड जिल्ह्यातील कंधार येथे एक ‘समुद्र’ आहे. राष्ट्रकूटकालीन शिलालेखात ‘जगत्तुंगसमुद्र’ म्हणून उल्लेखिलेला हा विस्तीर्ण तलाव! ‘कंधारपुरवराधीश्वर’ हे बिरुद तिसऱ्या कृष्णाच्या नावाशी जोडलेले आढळते. ‘लत्तलूरपुर’ म्हणजे आजचे लातूर, असे अभ्यासक मानतात. इ. स. ९७२ मध्ये परमारांनी राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट लुटली, राजसत्ता लयाला गेली आणि कंधारचे वैभव ओसरले. पुढे बहामनी, निजामशाही व मोगल अमलात किल्ल्याचे लष्करी महत्त्व टिकले, तेही कालांतराने संपले.

अशा गावाच्या पुनरुज्जीवनाचा प्रारंभ पाण्यापासून व्हावा. पाणलोटातून वाहून येणारी माती तलावाची साठवणक्षमता हळूहळू घटविते. तीच माती शेतात पडल्यास हलक्या जमिनीचा कस वाढतो. राज्य शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचे सूत्र हेच होते. रोषणाई व कारंजी यांवर आधी निधी खर्ची घालण्याचा मोह मात्र आवरावयास हवा. पुरातन बांधाच्या दगडास धक्का न लावता गाळ काढणे, येणारे ओढे मोकळे करणे व सांडपाणी अन्यत्र वळविणे, ही कामे प्रथम. किल्ल्याच्या खंदकालाही हाच क्रम लागू पडतो.