जुना लॅपटॉप बदलण्याआधी रॅम तपासा

लॅपटॉप सुरू करून तुम्ही चहा टाकता, चहा पिऊन होतो, तरी स्क्रीनवरचं गोल चक्र फिरतच असतं? मुलांचा प्रोजेक्ट, ऑफिसचं एक्सेल आणि ब्राउझरचे ४-५ टॅब एकत्र उघडले की सगळंच अडकतं? अशा वेळी नवा लॅपटॉप घ्यायचा विचार मनात येतो. पण जुन्या लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा ४ जीबीच रॅम असते. ती ८ जीबी केली तर रोजच्या कामाला तोच लॅपटॉप पुरू शकतो. अट एकच, रॅम त्याला जुळणारी हवी.

आधी कारण शोधा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी निवडा. नेहमीचं काम चालू असताना मेमरी सतत ८०-९० टक्के भरलेली दिसली, तर रॅम कमी पडतेय. मेमरी मोकळी असूनही डिस्क १०० टक्क्यांवर असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा आहे. तिथे एसएसडी बसवणं जास्त उपयोगी ठरतं.

याच पानावर किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. २ पैकी १ असेल तर सहसा एक जागा रिकामी असते.

पिढी जुळायलाच हवी

डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या आहेत. लॅपटॉपच्या डीडीआर३ रॅमला २०४ पिना असतात, डीडीआर४ला २६० आणि डीडीआर५ला २६२. खाचेची जागाही वेगळी असते, त्यामुळे एका पिढीची रॅम दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही.

खरी फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांत. दोन्ही दिसायला सारख्या, पण पहिली १.५ व्होल्टवर चालते आणि दुसरी १.३५ व्होल्टवरही. फक्त कमी व्होल्टेजवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये साधी डीडीआर३ लावली तर तो सुरूच होत नाही. म्हणून जुन्या रॅमचं लेबल वाचा. पीसी३ नंतर एल असेल तर एलवालीच घ्या.

मर्यादा ओळखा

तुमच्या मॉडेलला जास्तीत जास्त किती रॅम चालते, हे कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल नंबर टाकून पाहा. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅमचा उपयोग होत नाही. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते. मॅकबुक एअरमध्ये तर ती वाढवताच येत नाही.

आणखी एक गोष्ट. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमच्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल का, हे खर्च करण्यापूर्वीच बघून घ्या.

दुकानात जाताना

* जुनी रॅम किंवा तिच्या लेबलचा स्पष्ट फोटो सोबत न्या.
* लॅपटॉपचीच रॅम मागा. डेस्कटॉपची लांब असते, ती बसणार नाही.
* वेगवेगळ्या स्पीडच्या दोन रॅम सहसा चालतात, पण दोन्ही कमी स्पीडने.
* पक्कं बिल घ्या आणि चुकीची निघाल्यास बदलून मिळेल का, हे आधीच विचारा.

बसवताना

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि बॅटरी निघत असेल तर तीही काढा. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून मगच रॅम कडेने धरा. खाच जुळवून ती तिरकी सरकवा आणि हलकेच खाली दाबा, क्लिपा आपोआप लागतील. जोर लावावा लागत असेल तर थांबा, खाच पुन्हा पाहा. बॅटरी आत बसवलेली असेल किंवा झाकण उघडायची भीती वाटत असेल, तर हे काम दुकानातच करून घ्या आणि नवा आकडा स्क्रीनवर दिसल्यावरच पैसे द्या.