कार्ड हाती, पण रुग्णालय कुठे?

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२३ मध्ये कुटुंबामागचे उपचारखर्चाचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेऊन राज्यातल्या सर्व कुटुंबांना सामावून घेण्याचा निर्णय झाला. पण योजना पैसे देते ते यादीतल्या उपचारांचे, आणि तेही संलग्न रुग्णालयातच. रायगडच्या किनाऱ्यावरच्या मुरुड-श्रीवर्धनच्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा पनवेल किंवा मुंबईच गाठावी लागते. रुग्णालयापर्यंतचा वाटखर्च आणि बुडालेली मजुरी योजनेच्या कार्डात बसत नाही.

डॉक्टरांची तक्रार असते की योजनेचे दर तुटपुंजे आहेत आणि बिले रखडतात. यावर, खासगीवाल्यांना नफाच हवा, असे म्हटले जाते. रुग्णाकडून वरचे पैसे उकळणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी, यात शंका नाही. पण रखडलेल्या बिलांवर परिचारिकांचे पगार भागवू न शकणारे छोटे रुग्णालय योजनेतून बाहेर पडते, तेव्हा किनाऱ्यावरच्या रुग्णाचे जवळचे दार बंद होते. म्हणून वेळेवर देयके ही डॉक्टरांइतकीच रुग्णांचीही मागणी असायला हवी. जिल्ह्यात अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, हे मोलाचे आहे. आता दक्षिणेकडच्या तालुक्यांतली सरकारी रुग्णालये तज्ज्ञांनिशी उभी करणे हे संरक्षणाची मर्यादा आणखी वाढवण्याआधीचे काम आहे.