नवा सराउंड रिसीव्हर घ्यावा की जुनाच ठेवावा?
चिखलदऱ्यातील हॉटेलमालक, विक्रेते व मिस्त्री यांच्यासाठी

सुमारे १,११८ मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला पर्यटकांची गर्दी होते ती मुख्यतः पावसाळ्यात. बाहेर धुके दाटले की माणसे खोलीत किंवा हॉलमध्ये बसून राहतात आणि मालकाला होम थिएटरची आठवण होते. संच जुना असला तर प्रश्न उभा राहतो, नवा सराउंड रिसीव्हर घ्यावा का? आज बऱ्यापैकी रिसीव्हर घ्यायचा म्हणजे साधारण पंचवीस-तीस हजार रुपयांपासून पुढे तयारी ठेवावी लागते. लहान लॉजवाल्यासाठी ही रक्कम थोडी नाही. म्हणून पैसे देण्याआधी हिशेब समजून घेणे बरे.

रिसीव्हर करतो काय?

त्याची कामे तीन. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर यांपैकी हवा तो आवाज निवडणे, त्यातील वेगवेगळे भाग सोडवून घेणे आणि ते भाग मोठे करून प्रत्येक स्पीकरला देणे. पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशी मांडणी असली की तिला ५.१ म्हणतात. यात टीव्हीखालचा मधला स्पीकर सर्वांत महत्त्वाचा, कारण चित्रपटातील बहुतेक संवाद त्यातूनच येतात.

या तीन कामांपैकी आवाज मोठा करण्याचे काम लवकर जुने होत नाही. चांगला ॲम्प्लिफायर वीस वर्षेही टिकतो. जुनी होते ती आवाज सोडवण्याची पद्धत आणि मागची सॉकेटे. १९८७ साली आलेली डॉल्बी प्रो लॉजिक पद्धत दोन वाहिन्यांतून चार काढत असे. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये चित्रपटगृहांत आले आणि पुढे डीव्हीडीबरोबर घरात शिरले. एकाच तारेतून चित्र व आवाज नेणारे एचडीएमआय २००३ च्या सुमारास उपकरणांत दिसू लागले, आणि टीव्हीचा आवाज त्याच तारेने उलट रिसीव्हरकडे आणणारी एआरसी सोय २००९ मध्ये आली. आपला संच यांपैकी कोणत्या पायरीवर थांबला आहे, हे पाहिले की निम्मा निर्णय होतो.

मालकांची मते दोन, कारण एकच

संच बदललेल्या मालकांची मते ऐकली तर ती उलटसुलट वाटतात. एक म्हणतो, पैसे वसूल झाले, संवाद स्वच्छ ऐकू येतात. दुसरा म्हणतो, एवढा खर्च करून फरक काहीच नाही. दोघेही खरे बोलतात. पहिल्याकडे मधला स्पीकर नव्हता किंवा जुन्या रिसीव्हरला नव्या टीव्हीचा आवाज घेता येत नव्हता. दुसऱ्याने रिसीव्हर नवा घेतला, पण स्पीकर तेच ठेवले आणि गुळगुळीत फरशीचा, काचेच्या खिडक्यांचा घुमणारा हॉलही तसाच ठेवला. घुमणाऱ्या हॉलमध्ये कितीही महाग यंत्र ठेवले तरी संवाद फाटतातच. तेथे जाड पडदे व सतरंजी यांनी जे काम होते ते रिसीव्हरने होत नाही.

वॅटच्या आकड्यालाही भुलू नये. ५० वॅटच्या जागी १०० वॅट घेतले तर वाढ फक्त ३ डेसिबलची, म्हणजे कानाला थोडासाच फरक. आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण दहापट वॅट लागतात. खोक्यावर पीएमपीओ असे लिहून हजारो वॅट छापलेले असले तर ते बाजूला ठेवावे आणि आरएमएसचा आकडा विचारावा.

एकाच खोक्यात मिळणाऱ्या संचाचे लहान स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडण्याचा मोह होतो. अशा स्पीकरचा रोध अनेकदा ३ किंवा ४ ओहम असतो. रिसीव्हर ६ किंवा ८ ओहमसाठी बनवलेला असेल तर तो तापतो आणि बंद पडतो. दोन्हींच्या मागचे आकडे आधी जुळवावेत.

आधी या गोष्टी तपासा

पहिली गोष्ट टीव्हीच्या आवाजाची मांडणी. ती 'पीसीएम'वर असेल तर अनेक टीव्ही बाहेर दोनच वाहिन्या सोडतात. ती 'बिटस्ट्रीम' किंवा 'डॉल्बी डिजिटल'वर आणावी. सेट-टॉप बॉक्समध्येही हेच पाहावे. काही तक्रारी येथेच मिटतात, एक रुपयाही न लागता.

दुसरी गोष्ट ऑप्टिकल सॉकेट. जुन्या रिसीव्हरला एचडीएमआय नसले, पण ऑप्टिकल सॉकेट व डॉल्बी डिजिटल असले, तर टीव्हीच्या ऑप्टिकल सॉकेटमधून ५.१ आवाज अजूनही मिळू शकतो. असा संच काढून टाकण्याची घाई नको. मात्र फक्त प्रो लॉजिक असलेल्या किंवा दोनच वाहिन्यांच्या संचावर खरा ५.१ हवा असेल, तर नवा घेण्याला अर्थ आहे.

तिसरी गोष्ट तारा. एका स्पीकरचे धन-ऋण उलटे जोडले गेले तर खालचा भारदस्त आवाज नाहीसा होतो. तार रिसीव्हरपासून सोडवून मोठ्या स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. धनाला धन लागले असेल तर कोन बाहेर येतो.

ओल आणि वीज

चिखलदऱ्यात यंत्राचे खरे शत्रू हे दोन. ओलीने सॉकेटे व रिले काळवंडतात, आवाज खरखरतो किंवा एक बाजू बंद पडते. स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोमचा काठ कुजून फाटतो. म्हणून नवे स्पीकर घेताना रबरी काठाचे घ्यावेत. जुन्यांचा काठ बदलता येतो, त्यासाठी स्पीकर फेकण्याची गरज नाही. संच बंद कपाटात कोंडू नये, भिंतीला चिकटवू नये आणि पावसाळ्यात अधूनमधून तासभर चालू ठेवावा. आतली उष्णता ओल काढते. विजेचा दाब कमीजास्त होत असेल तर स्टॅबिलायझर आणि नीट अर्थिंग हवे. सतत गुणगुण येत असेल तर रिसीव्हरला दोष देण्याआधी अर्थिंग व इन्व्हर्टर तपासावा.

कायद्याच्या दोन गोष्टी

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रीची वेळ आहे, आणि निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. सबवूफरचा आवाज भिंत ओलांडतो, त्यामुळे शेजारच्या खोलीतील पाहुण्याची तक्रार प्रथम त्याच्याविरुद्ध येते. दुसरी गोष्ट, हॉटेलच्या हॉलमध्ये पाहुण्यांना चित्रपट दाखवणे हे घरी पाहण्यासारखे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात निवासी इमारतीच्या सामायिक हॉलला जी सूट आहे, तीतून हॉटेले वगळलेली आहेत. हॉटेलमालकाला परवाना घ्यावा लागतो, हा खर्चही हिशेबात धरावा.

विक्रेते व कारागीर बांधवांना

गिऱ्हाइकाने नवा रिसीव्हर मागितला की लगेच खोके काढून देऊ नये. आधी त्याचा हॉल, स्पीकर आणि जुन्या यंत्राची मागची बाजू पाहावी. काठ बदलणे, सॉकेटे साफ करणे, तारा नव्याने ओढणे, स्पीकर योग्य जागी बसवणे ही सर्व मजुरीची कामे आहेत. ती स्वतंत्र लिहून तिचे दर आधी सांगावेत. खोक्यावरचा नफा एकदाच मिळतो, आणि तोच माल शहरात दोनशे रुपये स्वस्त मिळाला की गिऱ्हाईक तिकडे वळते. ज्याने 'तुमचा जुनाच चालेल' असे सांगून चारशे रुपयांत आवाज सुधारून दिला, त्याला मात्र पुढच्या हंगामाआधी बोलावणे येते, आणि खरोखर नवा घेण्याची वेळ आली की विचारणाही त्यालाच होते.